दिवस किती वेळा गेले?

"आई गो, नवव्या महिन्यात कोण एवढ्या ओकाऱ्या काढतं?" अपेक्षा वैतागून म्हणाली.

"मग काय काढू? कळा काढू?" रंभाने पोटावर बांधलेली उशी सारखी केली.

ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेले अपेक्षाचे वडील हैबतराव मोठ्याने हसले. वरसे गावातल्या या घरात दर रविवारी हाच खेळ चाले. अपेक्षा पेणच्या इस्पितळातून थकूनभागून यायची आणि जेवण होताच आईला पेशंट करून समोर बसवायची. बाळंतपणाची तज्ज्ञ डॉक्टर होण्याची तिची शेवटची परीक्षा येत्या आठवड्यात होती. लेखी पार पडली होती, घोडं अडलं होतं प्रात्यक्षिकात. गेल्या खेपेला तिथेच ती नापास झाली आणि महिनाभर धड जेवली नाही. ते तोंड रंभाला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हणून ती कधी जुळंवाली होई, कधी बीपीवाली, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाही येई.

"गेल्या टायमाला चुकला काय, ता तू सांगितलाच नाय कधी," ती म्हणाली.

अपेक्षाने पेन खाली ठेवलं. "मी पेशंटला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, एक. मी एकच धरलं. मग परीक्षकांनी तिला विचारलं, दिवस किती वेळा गेले? ती म्हणाली, याआधी तीन. दोन मुलं पोटातच गेली होती तिची. या खेपेलाही तोच धोका होता, आणि मला पत्ताच नाही. परीक्षेचं सोड गं, खरंच एखादीचं बाळ गेलं असतं माझ्या हातून."

"मग आता नीट विचार. बस अशी समोर."

"दिवस किती वेळा गेले तुम्हाला, बाई?"

"तीन," रंभा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. अपेक्षा आणि तिच्या पाठचा आदेश, मुलं तर दोनच.

आई आता सोंग करत नाही, हे अपेक्षाच्याही ध्यानात आलं. तिचे डोळे भरले, पण ती उठली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने हलकेच विचारलं, "पहिल्या वेळी काय झालं?"

"नववा भरला व्हता. आमी तवा डोंगराकडं राहायचो. गाडी मिळंना. रोह्याच्या दवाखान्यात पोचस्तवर पोटातला हलायचा थांबला."

इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. सासूने 'विसर आता' म्हणून सांगितलं होतं, आणि रंभाने विसरल्याचं सोंग मात्र अगदी बेमालूम वठवलं होतं.

"मुलगा होता की मुलगी?"

"ठाव नाय. मला दाखवलाच नाय."

ओटीवर शेंगा मोडायचा आवाज थांबला. हैबतराव दारात येऊन उभे राहिले.

"पोरगी व्हती," ते म्हणाले. "डोईवर दाट केस व्हते. मीच पुरली नदीकडेला. तुला सांगितला तर तू खचशील, असा वाटला."

रंभाला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो हुंदका. अपेक्षा तिचा हात धरून बसून राहिली, तिने घाई केली नाही. शेवटी रंभानेच पदराने डोळे पुसले.

"पुढचा विचार गो. परीक्षेत एवढा वेळ नाय देणार तुला."

अपेक्षाने उरलेलं सगळं विचारलं. मग ती उठून उभी राहिली आणि समोर परीक्षक बसलेत असं धरून इंग्रजीत आईची केस सांगू लागली. कुठे अडखळली नाही, काही गाळलं नाही. ही आता पास होते, रंभाने मनाशी म्हटलं. तिला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. 'बेबी गर्ल' हे शब्द तेवढे तिने ओळखले. ते दोनदा आले. एकदा पहिलीसाठी, आणि एकदा समोर उभी राहून बोलणाऱ्या या दुसरीसाठी.