दाराजवळचा ट्रे

उतारावरची निलगिरीची सगळी लागवड मर रोगाने बसली, आणि ओढ्याकाठचं एकच झाड उभं राहिलं. मी त्याला हट्टी म्हणायला लागले. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर पहिलं काम केलं ते त्याच्या फांद्यांची कलमं लावण्याचं. चाचणीत ती तरली तर पुढची सगळी लागवड हट्टीच्या रोपांची. नाही तर त्याचं नाव कायमचं कटाप.

"हिला दोन लेकरं," रोपवाटिकेचे काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "एक रडतं, एक हट्टी."

चाचणी निर्दयीच असते. रोपांच्या मुळांना पात्याने जखम करायची, त्यावर जिवाणूंचं गढूळ पाणी ओतायचं आणि काचघर उबदार ठेवायचं; हा रोग उबेतच फोफावतो. माझी पोरगी शेजारच्या खोलीत टोपलीत झोपलेली असायची.

हळूहळू तुलनेसाठी लावलेल्या बाकीच्या रोपांनी माना टाकल्या. हट्टीचा ट्रे मात्र दाराजवळ हिरवागार. आमच्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, चष्मा वर करून म्हणाल्या, "हे पोर नाव काढणार तुझं." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुपारी पोरगी रडली. मला आत काचघरात स्वच्छ ऐकू आलं, आणि तेच खटकलं. बंद दारातून इतकं? जाऊन पाहिलं, तर दार पुरतं लागू नये म्हणून खाली चिंधीची घडी खोचलेली, बोटभर फट. ट्रेमधल्या मातीला हात लावला. गार.

"काका, ही घडी?"

"मीच ठेवली. पहिल्या दिवसापासून. म्हटलं, पोर रडली तर तुला कळायला हवं ना."

आता या माणसावर रागवायचं कसं?

"गारव्यामुळे रोग दबलाय, काका. हट्टीची परीक्षाच झाली नाही."

"मग गप्प बस ना. तुझ्यामाझ्याशिवाय कोणाला माहितीये?"

"आणि सगळीकडे हट्टीच लावल्यावर? तिथे दार किलकिलं करायला तुम्ही जाणार?"

मला तो ओढा आठवला, त्याच्या काठची पावलांना झोंबणारी गार माती. तिथेही हट्टीला कुणी तरी अशीच फट ठेवली होती.

बाईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "ट्रे मधोमध घे. दार लाव."

मी घडी काढली, दार लावलं. आठवडाभरात शेंड्याची पानं लोंबली. एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात टांगलं. कापल्या जागेतून पांढरा धागा सुटला आणि दुधासारखा खाली उतरत गेला. म्हणजे जिवाणू आत ठासून भरले होते. नेमकी तेव्हाच पोरीची प्यायची वेळ झाली होती. माझा पदर ओला झालेला.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "एक रडणारी पुरे आहे इथे. दुसरं झाड शोधू. या वेळी ओढ्यापासून लांबचं."

हट्टीची रोपं मीच उपटून जाळायच्या पिशवीत भरली. तोवर काकांनी पोरीची टोपली टेबलावर, काचेला लागून आणून ठेवली होती.

"आवाज नाही येणार," काचेपलीकडून ते खुणांनी सांगत होते, "पण दिसेल तरी."

पोरीचं तोंड उघडलेलं दिसलं. रडतेय की जांभई देतेय, कळेना. मी हात दोनदा धुतले, बाहेर आले आणि दार नीट ओढून घेतलं.