सासऱ्यांचे ग्रॅम

सासरे दूधडेअरीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना जगभर चुका दिसू लागल्या. शेजाऱ्यांचं कुंपण वाकडं, टीव्हीवरची बातमी अर्धवट आणि सुनेची बेकरी तर निव्वळ अंदाजपंचे दाहोदरसे.

"सूनबाई, कपाने मोजून कुठे धंदा होतो? वजन कर, वजन!"

मुद्दा खोटा नव्हता. तिचा एक केक कापसासारखा, तर दुसरा विटेसारखा व्हायचा. पण सासऱ्यांना बरोबर म्हणायचं म्हणजे पुढची दहा वर्षं ऐकत बसायचं. ती कपानेच मोजत राहिली.

त्या दिवशी एका डेंटिस्टच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं आणि चॉकलेट केक तिच्याकडून जायचा होता. ती खोके आणायला बाजारात गेली आणि सासऱ्यांना रान मोकळं मिळालं. त्यांनी कपभर पाणी तोललं. दोनशे चाळीस ग्रॅम! जन्मभर दुधात पोहलेला माणूस. लिटर म्हणजे किलो, हे हाडीमासी खिळलेलं. मग मैदा कपाला दोनशे चाळीस, साखर तेवढीच आणि कोकोही तेवढाच.

ती परतली तेव्हा केक ओव्हनमधून बाहेर आला होता. तिने बोटाने वाजवला. टकटक आवाज आला.

"बाबा, मैदा किती घातलात?"

"कपाला दोनशे चाळीस."

"अहो, मैदा म्हणजे दूध नव्हे! त्यात हवा असते."

"हवा तुझ्या डोक्यात आहे. तोलून दाखव."

तिने रागारागाने कप मैद्यात खुपसला. एकशे पंचावन्न. दुसऱ्यांदा हलक्या हाताने भरला. एकशे वीस.

सासरे टुणकन उठले. "बघ! तुझा मैदा तर तुझ्या मूडवर चालतो!"

तिला हसू आवरेना. शेवटी दोघं शेजारी बसले. चमच्याने मोकळा मैदा भरायचा, सुरीने सपाट करायचा, मग तोलायचा. एकशे पंचवीसवर तह झाला. साखर दोनशे, कोको पंच्याऐंशी. नवा केक असा फुलला की तिने सासऱ्यांना चक्क टाळी दिली.

ती भांडी घासायला आत गेली. सासऱ्यांचा जीव मात्र पहिल्या केकात अडकलेला. त्यांनी त्यावर गुपचूप क्रीम थापलं आणि खोक्यात घालून ठेवला. तेवढ्यात तिचा नवरा आला, समोर दिसलेला खोका उचलला आणि पोचवून मोकळा झाला.

संध्याकाळी डेंटिस्टबाईंचा फोन आला. "अहो, सुरी वाकली! आमच्या काकांनी हट्टाने घास घेतला, तर दाढेवरची कॅप हातात आली."

तिने ओट्याकडे पाहिलं, तर चांगला केक तिथेच होता. "माफ करा! दुसरा केक लगेच पाठवते."

"पाठवा. आणि माफी कसली? सकाळपासून पाहुणे ढीगभर आणि पेशंट एकही नाही. काकांनी बोहनी केली!"

तिने चांगला केक सासऱ्यांच्या हातात दिला. "जा. तुम्हीच द्या आणि तुम्हीच निस्तरा."

ते बऱ्याच उशिराने परतले, गाल हाताने धरून.

"आता काय झालं?"

"ते सगळे त्या केकला दगड म्हणत होते," सासरे बोबड्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, खाऊनच दाखवतो."