दोनच्या रकान्यातली सही

मी बालविभागाची औषधवही बोलतेय. जपून बोलते. माणसं माझ्यावर फारच विश्वास ठेवतात, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

दक्षिणेत, मलप्पुरमकडच्या एका छोट्या इस्पितळात मी कामाला लागले. प्रत्येक मुलाला एक ओळ, प्रत्येक वेळेला एक रकाना, आणि औषध पोटात गेल्यावर त्यात नर्सची सही. हा झाला नियम. रीत वेगळी होती. कामाची पाळी सुरू झाली की कंजीचे, म्हणजे भाताच्या पेजेचे, दोन घोट घेऊन सिस्टर दिवसभराच्या सह्या एका दमात उरकून टाकत. पुढे सवड कुठली? मलाही त्यात वावगं वाटलं नाही. भरलेलं पान कसं नीटनेटकं दिसतं.

त्या दिवशी सकाळच्या पाळीच्या सिस्टर ब्लेसीनंही तसंच केलं. दुपारी दोनला आठ महिन्यांच्या नैलाला झटक्यांचं औषध द्यायचं होतं. पावणेदोनला पलीकडच्या खाटेवरच्या मुलाला धाप लागली आणि ब्लेसी तिकडे अडकली. दोनला पाळी बदलली. नव्या नर्सनं मला उघडलं, सही पाहिली आणि पुढे गेली.

चारला नैलाला झटका आला.

"दोनचं औषध दिलंच नाही, सिस्टर," तिची आई रम्लत म्हणाली.

वॉर्डच्या मोठ्या सिस्टर अन्नक्कुट्टी. त्यांनी मला तिच्यापुढे धरलं. "ही बघ सही. तुझा डोळा लागला असेल, मोळे, पोरी. तीन दिवस झोप नाही तुला."

रम्लत माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल. मीच झोपले असेन."

डॉक्टरांनीही मलाच विचारलं. औषध देऊनही झटका, म्हणजे ते पुरत नाही, असं म्हणून त्यांनी दुसरं कडक औषध टोचलं. तासाभरात नैलाचा श्वास मंदावला. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. ब्लेसी घरी जायची थांबून दारापाशी उभी होती. 

"वहीत सही आहे, विषय संपला," दुसऱ्या दिवशी ब्लेसीनं खरं सांगितल्यावर अन्नक्कुट्टी तिला म्हणाल्या. "महिन्यावर तुझी आयर्लंडची नोकरी आलीय. नर्सचा परवाना गेला तर तिथे काय भांडी घासणार आहेस?"

"घासेन, चेची," मोठ्या बहिणीशी बोलावं तसं ब्लेसी म्हणाली.

तिनं सहीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी तारीख, वेळ, आणि लिहिलं: औषध दिलं नव्हतं. सही आधीच केली होती.

पाचव्या दिवशी रम्लत कपडे न्यायला आली. पोरगी श्वास घेतेय, पण अजून ओळखत नाही, म्हणाली. ब्लेसीनं मला तिच्यापुढे उघडलं आणि ताई म्हणावं तशी हाक मारली.

"इत्ता, तुम्ही जाग्याच होतात."

रम्लतनं वाचलं. पुन्हा वाचलं. "पाच दिवस मी माझ्या डोळ्यांना शिव्याशाप देतेय. तेव्हा का नाही बोललीस?"

 

आता मी चौकशीच्या कपाटात, लाखेच्या मोहरेखाली आहे. नैलाची ओळ तिथेच तुटते. पुढचं मला ठाऊक नाही. बाकीची पानं मात्र छळतात. ओळीनं सह्या, एकाच तिरकेपणाच्या, एकाच बैठकीतल्या. यातल्या कुठल्या खऱ्या? मी त्यांची वही, आणि मलाच सांगता येत नाही.

एवढंच मागते. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. आणि आई काही सांगत असेल, तर मला मिटून ठेवा आणि आधी तिचं ऐका.