संसदेतली आठ मिनिटं

मित्रांनो, मी एक म्हातारं वाळूचं घड्याळ आहे, आणि तेही संसदेतलं. सभापतींसमोरच्या टेबलावर माझी जागा. मतदानाची घंटा झाली की कारकून मला उलटं करतो. वाळू उतरायला आठ मिनिटं. तेवढ्यात सभासदांनी आपापल्या खोल्यांतून यायचं. वाळू संपली की दारं बंद. बाहेर राहिला तो राहिला.

एका काचकाराने मला फुंकून घडवलं, तेव्हा माझा गळा सुईच्या नेढ्याएवढा होता. ‘वाळू कुणाची बाजू घेत नाही,’ असं सगळे म्हणत आणि मला मूठभर मांस चढे. पण वाळूने घासून घासून गळा रुंद होत गेला, वाळू भराभर उतरू लागली, आणि माझी धाकधूक सुरू झाली. सांगणार कुणाला? मला तोंड कुठंय!

सभासदांत कुबड्यांवर चालणाऱ्या एक बाई होत्या. घंटा कधी होणार ते आधी कुणी सांगत नसे, आणि पाठीमुळे त्यांना बाकावर फार वेळ बसवत नसे. त्यांची खोली अंगणापलीकडे. तीनदा दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. लोक त्यांना ‘उशीरबाई’ म्हणू लागले.

त्या काळी सकाळी कागद हातात पडायचे आणि दुपारी कायदा व्हायचा. बाईंनी प्रस्ताव मांडला, की वाचायला तीन दिवस मिळाल्याशिवाय कोणत्याही कायद्यावर मतदान नको. मतं समसमान पडली आणि प्रस्ताव बारगळला. बाईंचं मत दाराबाहेर उभं होतं.

बाई कारकुनाला म्हणाल्या, “दादा, मी घड्याळ लावून चालते. साडेसात मिनिटं लागतात. मग मला उशीर होतोच कसा?”

कारकून चपापला. त्याच्या वडिलांनीही जन्मभर मलाच उलटं केलं होतं. सगळे जेवायला गेल्यावर त्याने मनगटावरचं घड्याळ काढून मला मोजलं. सहा मिनिटं पन्नास सेकंद. पुन्हा मोजलं, तेवढंच. त्याने सभापतींना सांगितलं, तर ते म्हणाले, आता शंका काढली तर जुनी सगळी मतदानं उकरावी लागतील, तू आपला गप्प बैस. नोकरीच्या भीतीने तो गप्प बसला.

पुढच्या अधिवेशनात प्रस्ताव पुन्हा आला. घंटा झाली. कारकुनाने मला उलटं केलं. वाळू संपली, बाई आल्या नव्हत्या. दरवानाने दाराला हात घातला.

“दार लावू नका,” कारकून उभा राहिला. “साहेब, हे घड्याळ चुकतंय. मी मोजलंय. अजून सत्तर सेकंद बाकी आहेत.”

सभापती माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात बाहेर कुबड्यांची टकटक ऐकू आली, आणि त्यांनी दरवानाला थांबायची खूण केली. बाई घामाघूम होऊन आत आल्या. प्रस्ताव एका मताने मंजूर झाला.

आता आपली रवानगी अडगळीत, असं मला वाटलं. पण कारकुनाने मला काचकाराकडे नेलं, त्याने चमचाभर वाळू वाढवली आणि आठ मिनिटं बरोबर भरली. कारकुनाची नोकरी राहिली. सभापती अजून त्याच्याशी तुटक बोलतात.

तरी माझी भीती जात नाही, मित्रांनो. प्रत्येक मतदानाला माझा गळा थोडा झिजतोच. माझ्यावरची धूळ पुसता, फार चांगलं करता. पण वर्षातून एकदा मला मोजतही जा. दाराबाहेर कुणीतरी अगदी वेळेत चालत येत असतं.