काका म्हणाले

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वाद्यांच्या दुकानात गिटारच्या काउंटरमागे तो सव्वीस वर्षं उभा राहिला आणि लोकांनीच त्याला ते नाव चिकटवून टाकलं. दुसऱ्या कुणी वाजवलेली गिटार नुसती कानावर पडली तरी तो सांगायचा, तिसरी तार जुनी आहे. आणि ती असायचीच! गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. कानसेन मात्र त्यात काय एवढं असा चेहरा करून पुढच्याकडे वळायचा. माणूस वाईट नव्हता, पण कौतुकाचा भुकेला होता, खोटं कशाला बोला.

तर या कानसेनाचे कान गेले होते.

अगदी ठार बहिरा झाला नव्हता. पण गेल्या दीडेक वर्षात सगळं पांघरुणाखालून आल्यासारखं ऐकू यायला लागलं होतं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या, तिथेही हा पठ्ठ्या अंदाजाने हात वर करत राहिला आणि पकडला गेला. कानात घालायचं यंत्र मिळालं. बायको रोज सकाळी त्याची डबी शर्टाच्या खिशात घालायची आणि रोज संध्याकाळी तशीच, वरची चिकटपट्टीही न फोडलेली, काढून ठेवायची. आधी ती भांडली, मग बोलायचीच थांबली. कानसेनाने कानात यंत्र घालून दुकानात उभं राहायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला वाटे.

त्याऐवजी त्याने दोन वाक्यं तयार ठेवली होती. कुणी काही बोललं आणि कळलं नाही, की मान डोलवून म्हणायचं, "हो, अगदी बरोबर." आपलं बरोबर आहे हे ऐकायला माणसांना इतकं आवडतं की पुढे कुणी काही विचारतच नाही. आणि आवाजाबद्दल मत विचारलं, की डोळे मिटून म्हणायचं, "वर जरा बोचतंय." म्हणजे वरचे सूर कानाला टोचतात. दीड वर्ष त्याचं या दोन वाक्यांवर मजेत निभावलं होतं.

त्या रविवारी दुपारी त्याला पुतणीने घरी बोलावलं होतं. पुतणी लिफ्टच्या कंपनीत सर्किट दुरुस्त करायची. पण घरातल्या मागच्या खोलीत, टेबलावर दिवा ओढून घेऊन, ती गेलं वर्षभर एक फझ पेडल बनवत होती. फझ म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारचा चांगला सरळ आवाज तिच्यातून गेला की तो फाटतो, गुरगुरतो, जाडजूड होतो. तिच्या वडिलांनी, म्हणजे कानसेनाच्या थोरल्या भावाने, तरुणपणी अशी एक डबी बनवली होती. दादाने ती वाजवली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. ती डबी कुणीतरी मागून नेली ती नेलीच. दादा जाऊन चार वर्षं झाली. मागे राहिली ती त्याची वही आणि काड्यापेटीत कापसावर ठेवलेले दोन जुने ट्रान्झिस्टर. धातूची टोपी घातलेले, तीन-तीन पायांचे, चण्याएवढे. हल्ली तसे मिळत नाहीत.

"उद्या स्टुडिओवाला येतोय ऐकायला," पुतणी म्हणाली. दारातच समोरासमोर उभी होती, म्हणून त्याला कळलं. "त्याला पसंत पडलं तर तो आणखी बनवायला सांगणार आहे. पण तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी त्याला दाखवणार नाही, काका. बाबांचा आवाज ऐकलेले आता तुम्ही एकटेच उरलात."

कानसेन ऐटीत खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली आणि तिची वायर पेडलमध्ये खोचली.

टेबलावर दादाची वही उघडी होती. दादाच्या आकृत्यांखाली पुतणीच्या बारीक अक्षरात तीन नोंदी होत्या. काका म्हणाले, वर बोचतंय. कपॅसिटर बदलला. काका म्हणाले, अजून बोचतंय. पुन्हा बदलला. काका म्हणाले, थोडंसंच बोचतंय. तिसऱ्यांदा बदलला. पोरीने तीन वेळा त्याच्या शब्दाखातर डबी उकलली होती! त्याने नजर वहीवरून काढून घेतली.

पायातली चप्पल न काढताच त्याने पेडलचं बटण दाबलं आणि वाजवायला लागला. जुनाच एक तुकडा, दादानेच शिकवलेला. डोळे मिटले, मान मागे टाकली, ओठ दाबून धरले. पांघरुणाखालून काहीतरी येत होतं. बरं होतं की वाईट, देव जाणे. दोन मिनिटं वाजवून त्याने तारांवर हात ठेवला.

"आहे, आहे. दादाचा बाज आहे," तो म्हणाला. आणि मग, एवढ्यावर थांबेल तर तो कानसेन कसला! "पण वर जरा बोचतंय. सांगू का, ते दोन जुने ट्रान्झिस्टर आहेत ना, त्यांच्यात आता जीव नाही उरलेला. काढून टाक ते. नवे लाव."

पुतणी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग टेबलाकडे वळली आणि पाठमोरीच काहीतरी बोलली. लांब वाक्य होतं. शेवटी प्रश्न असावा, कारण ती थांबली.

"हो, अगदी बरोबर," कानसेन मान डोलवत म्हणाला.

तिची पाठ जराशी ताठ झाली. मग तिने डबी ओढून घेतली, झाकणाचे चार स्क्रू काढले आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली.

आपण सुटलो, या आनंदात कानसेनाने पाय ताणले आणि टेबलावरून सहज नजर फिरवली. वही. चिमटा. मीटर. आणि मीटरला टेकून बॅटरी. चौकोनी, नऊ व्होल्टची, एकुलती एक बॅटरी.

तो बघतच राहिला. डबीच्या पोटातून बॅटरीची टोपी दोन वायरींवर रिकामी लोंबत होती. पोरीने बॅटरी मोजायला काढली असणार आणि घालायची राहून गेली असणार. एवढी चूक कुणाच्याही हातून होते. पण बॅटरी नसली की फझ चालू केल्यावर मुका होतो, गिटारचा चकार आवाज येत नाही, हे त्याने दुकानात शेकडो लोकांना सांगितलं होतं. आवाज तर आला होता. म्हणजे पेडल चालूच झालं नव्हतं, बंद पेडलमधून गिटार जशीच्या तशी पुढे गेली होती. ते बटण दाबताना खाडकन वाजतं. चपलेने अर्धवट दाबलं गेलं, ते वाजलं नाही, आणि वाजलं नाही हे त्याला कळलं नाही. त्याने वाजवली ती नुसती कोरी गिटार. तिच्यात त्याला दादाचा बाज ऐकू आला. तीच त्याला बोचली.

त्याचे कान, काय विनोद बघा, तापून लाल झाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. सांगावं. आत्ता सांगावं. "थांब" एवढाच शब्द. पण तो शब्द बोलला की सव्वीस वर्षांचा कानसेन या खोलीत संपला, आणि ही पोर उद्या कुणाला सांगेल, परवा दुकानात कळेल... त्याने खिडकीकडे बघितलं. समोरच्या बाल्कनीत कुणीतरी चादर झटकत होतं. तो एखादं महत्त्वाचं काम असल्यासारखा त्या चादरीकडे बघत बसला. लाज वाटत होती आणि तरी तो गप्प होता, आणि गप्प असल्याची पुन्हा वेगळी लाज वाटत होती.

धुराचा वास आला. त्याने वळून पाहिलं. पुतणीने चिमट्यात पहिला ट्रान्झिस्टर धरला होता. तीन पायांऐवजी दोनच पाय होते.

"थांब!" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने, की त्यालाही नीट ऐकू आलं. "थांब पोरी. मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. मला काहीच बोचत नव्हतं. मी... मी तोंडाला येईल ते बोलत होतो."

ती वळली. डोळे लाल झाले होते, पण आता ती समोर होती आणि सावकाश बोलत होती, प्रत्येक शब्द ओठांवर दिसेल असा.

"मगाशी विचारलं की मी. पेडल बंद होतं काका, तुम्हाला ऐकू येत नाही का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, हो, अगदी बरोबर."

कानसेनाला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

"मग तू तरी... काढलास कशाला गं?"

"मला तो काढायचा नव्हता. नुसता मोकळा करून परत बसवणार होते. मला वाटलं, तुम्ही थांबवाल. हळूहळूच करत होते मी." तिने चिमट्यातल्या टोपीवाल्या चण्याकडे बघितलं. "सारखी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. तेवढ्यात पाय तुटला."

"जोडता येईल?"

"मुळापासून गेलाय."

त्याने शर्टाच्या खिशातली डबी काढली आणि नखाने चिकटपट्टी खरवडायला लागला. पट्टी निघेना. पुतणीने डबी घेतली, ब्लेडने पट्टी कापली आणि यंत्र त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते कानात घातलं. पंख्याचा खडखडाट एकदम अंगावर आला. मग सळईची बारीक चुरचुर. मग पोरीचं नाक ओढणं.

तिने एक नवा ट्रान्झिस्टर लावला, शेजारी दादाचा उरलेला एक तसाच ठेवला. बॅटरी घातली. स्वतःच हाताने बटण दाबलं, खाडकन. "वाजवा," ती म्हणाली.

त्याने वाजवलं. खोली गुरगुरली. आवाज मोठा होता, जाड होता, कडेला फाटलेला होता. दादासारखा होता का? त्याने पुन्हा वाजवलं. कान देऊन, जीव ओतून ऐकलं. दादाचा आवाज त्याला आठवतच नव्हता. आठवत होतं ते फक्त स्वतःचं वाक्य, दादाचा बाज आहे म्हणणारं.

"कसा वाटतो?"

"मला कळत नाही गं," तो म्हणाला.

तिने पेन्सिल घेतली आणि वहीत तीन नोंदींखाली चौथी लिहिली. काका म्हणाले, कळत नाही. मग वही मिटली.

"उद्या अकराला येतोय तो," ती डबीचं झाकण बसवत, त्याच्याकडे पाठ करून, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही या काका. बाबांच्या जागी कुणीतरी बसलेलं मला हवंय. पण तुम्ही काही बोलू नका."

ती पाठमोरी होती, तरी तिचा शब्द न् शब्द त्याला लख्ख ऐकू आला.

"हो," कानसेन म्हणाला, "अगदी बरोबर."