गाडी डिझेल का पिते

आमची पिकअप डिझेल ढोसायला लागली, तेव्हा माझा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पंपवाला माप मारतोय म्हणून पंप बदलला. एअर फिल्टर नवा घातला, चाकांत हवा भरली, टाकीखाली पुठ्ठा अंथरून गळतंय का तेही पाहिलं. पुठ्ठा कोरडा ठणठणीत. हिचं पिणं काही कमी होईना.

आमचा धंदा काचांचा. बाबा दुकानात काच कापतात, मी ती पिकअपवर उभी बांधून घरोघर पोचवते. पूर्वी तेच चालवायचे, पण गुडघे गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. आता दादाने टुमणं लावलं होतं, "म्हातारी झालीय ती, विकून टाक." शनिवारी गिऱ्हाईक आणणार होता. गाडी गेली की मी दुकानात बसून काचा पुसणार. दुसरं काय? जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी गाडी सावकाशकडे नेली. सावकाश म्हणजे आमचा मेकॅनिक; घाई करा म्हटलं की तो आधी चहा मागवतो, म्हणून हे नाव. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "ताई, सपाट रस्त्यावर न्यूट्रल करा." केली. गाडी जराशी पुढे गेली आणि हट्टी पोरासारखी अडून बसली. तो उतरून चारही चाकं चाचपत फिरला. पुढची गार. मागच्यांपासून त्याने हात झटकन मागे घेतला.

"इंजिनाला कशाला बोल लावता? ब्रेक लावून गाडी चालवताय तुम्ही."

"मी? हँडब्रेक खाली केल्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

जॅक लावला तर मागचं चाक हाताने फिरेना. गाडीखाली शिरून त्याने दाखवलं. हँडब्रेकच्या तारेचा नट पार शेवटपर्यंत आवळलेला, वर ताजं ग्रीस. "आतले ब्रेक-शूज झिजलेत, हँडब्रेक धरत नाही, म्हणून कोणीतरी तार ताणत गेलंय. आता तो सुटतच नाही." नटाला ग्रीस फासल्याशिवाय पाना खाली न ठेवणारा माणूस आमच्या घरात एकच आहे.

दुकानात गेले ती तणतणतच. "बाबा, गाडीखाली कोण शिरलं होतं?"

त्यांनी काचेवरची रेघ आधी पूर्ण केली. "मी. दुपारी तू झोपलीस की."

"अहो, तुम्हाला खाली बसता येत नाही."

"बसता येत नाही. आडवं होता येतं."

"आणि मला सांगायचं नाही? गाडी विकायची वेळ आली."

"तो मोठा आरसा उतरवताना गाडी इथेच, समोरच्या उतारावर, हातभर मागे आली. मागे तू होतीस, आरसा धरून. तू हसलीस. मला काही हसू आलं नाही. प्यायली डिझेल तर पिऊ दे म्हटलं."

एवढे दिवस उतारावर मी निर्धास्त उभी राहायचे ती कोणाच्या जिवावर, ते आत्ता कळलं. तुमचे फार उपकार आहेत बाबा, असलं काही आमच्यात कोणी बोलत नाही. मी बोलले. ते म्हणाले, "टेबलाला धक्का लावू नकोस, कापतोय."

सावकाशने नवे शूज घातले, तार हवी तेवढी सैल केली. चाक बोटाने फिरायला लागलं. टाकी पुन्हा पूर्वीसारखी पुरतेय म्हटल्यावर दादानेच कुरकुरत गिऱ्हाइकाला नाही कळवलं.

बाबांचं मात्र समाधान होईना. दुकानासमोरच्या उतारावर त्यांनी मला गाडी उभी करायला लावली, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायला सांगितला आणि काठी टेकत मागे जाऊन उभे राहिले. बरोब्बर मी उभी राहते तिथे.

"बाबा, बाजूला व्हा."

"तू रोज राहतेसच ना इथे? पाय काढ ब्रेकवरून."

पाय निघेना. त्यांनी काठीने गाडीवर टकटक केलं. मग मी पाय उचलला.

गाडी जागची हलली नाही. मी उतरून मागे जाऊन त्यांचा हात धरेपर्यंत तेही हलले नाहीत.