खोलीतला बाप्या

खोली देताना मालकीणबाईंनी मला एकच अट घातली होती. बाप्यामाणूस खोलीत दिसता कामा नये. मी म्हटलं, मलाही नकोच आहे, एकाला सोडूनच आले आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच असायच्या.

अटी बायकांना. बाप्यांना कोण घालणार?

त्यांचा दीर मागच्या बाजूच्या खोलीत राहायचा. मी कामावरून आले, चप्पल काढली, की बेल. "ताई, नळ गळतोय का?" नाही. "ताई, बल्ब ठीक आहे ना?" आहे. "एकटीच असता, म्हणून विचारलं." तोंडाने ताई आणि डोळे गळ्याखाली. एकदा दार लावायला गेले तर याचा पाय मध्ये. दारातला पाय काय असतो ते ज्या बाईला माहीत आहे तिला मी समजावून सांगणार नाही. ज्याला माहीत नाही त्याने नशीब समजावं.

खोली सोडून जायला दुसरी खोली लागते. एकट्या बाईला खोली देताना लोक पोलिसांसारखी चौकशी करतात. ही मिळायला मी चपला झिजवल्या होत्या. ही सोडायची नव्हती.

मी खेळण्यांच्या कारखान्यात आहे. आम्ही पोरांसाठी राक्षसाचे मुखवटे करतो. आत माइक, एक चिप, छोटा स्पीकर. पोरगं "मला भूक लागली" म्हणालं तरी बाहेर राक्षस भुकेला होतो. त्यातल्या वायरींना सोल्डरचा डाग द्यायचं काम माझं. नाक तुटलेला एक मुखवटा भंगारात पडला होता. मुकादमाला विचारलं.

"ने की. कुणाला घाबरवायचंय?"

"बघते, कोण घाबरतं ते."

घरी मुखवटा फोडला, आतली सर्किटची पट्टी काढली, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली. चालू केलं तर अशी किंचाळी निघाली की शेजारचं कुत्रं उठून बसलं. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरत होता. मग स्पीकर दाराबाहेर चौकटीवर लावला, जुन्या बेलच्या भोकातून वायर आत घेतली आणि माइक लोकरीच्या मोज्यात घालून ओट्याजवळ टांगला. किंचाळी थांबली. पण आवाज राक्षसाचाच. राक्षस भाडेकरू आहे यावर कोण विश्वास ठेवणार? चिपचा आवाज किती जाड करायचा ते एक छोटा रेझिस्टर ठरवतो. तो उपटला आणि तिथे मेलेल्या रेडिओचं गोल बटण जोडलं. एका टोकाला उंदीर, दुसऱ्या टोकाला राक्षस. मध्ये कुठेतरी घसा बसलेला, आडमुठा, जेवणावरून उठवलेला बाप्या सापडला.

धाकट्या बहिणीला फोन लावला, स्पीकर खाली काढून फोनपाशी धरला आणि मोज्यात बोलले.

"कोण बोलतंय?" मग हसायला लागली. "ताई, मिशी फुटली की काय तुला?"

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. मी मोज्यात तोंड घातलं. "कोण?"

बाहेर चप्पल फरफटली.

"काय काम आहे?"

पावलं गेली. त्या रात्री परत आलीच नाहीत. मी निवांत जेवले.

पण तो गप्प बसणारा नव्हता. आठवडाभरात मालकीणबाई दारात उभ्या. "शनिवारपर्यंत खोली खाली कर. तू पुरुष ठेवलायस."

"कुणी सांगितलं?"

"भावजींनी स्वतः ऐकलंय."

"माझ्या दाराशी काय करत होते ते?"

"ते विचारू नकोस. शब्द दिला होतास."

आता हा मोजा दाखवावा तर माझी ढाल गेली, न दाखवावा तर खोली गेली. खोली आधी. मी त्यांना आत घेतलं, दार लावलं, मोजा हातात दिला. "बोला."

"काय बोलू?" त्यांचेच शब्द दाराबाहेर घोगरे होऊन पडले. त्यांनी मोजा झुरळासारखा लांब धरला.

तेवढ्यात बेल वाजली. तमाशा बघायला तो आलाच होता. मी बोटाने मोजा दाखवला. बाईंनी घसा खाकरला. "कोण?"

"ऐक भाऊ," दीर दारापाशी येऊन हळू बोलायला लागला, "भांडायचं नाही. वहिनीला पेटवलंय मी, ती तुम्हाला हाकलणारच. तू गुमान निघ. ही कुठे जाते? येईल माझ्याकडेच हात जोडून."

मालकीणबाईंनी पदर खोचला. मग मोजा तोंडाशी धरून म्हणाल्या, "परत या दाराशी दिसलास तर तंगडं मोडीन." आणि कडी काढून दार उघडलं.

समोर वहिनी, हातात मोजा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "वहिनी, मी ते..." म्हणत मागे सरकला, पायरी चुकली, बसकण मारली, उठला आणि गेला.

माफी वगैरे काही नाही. बाई म्हणाल्या, "राहा. शनिवारचं विसर." आणि उंबऱ्यातच थांबल्या. "हे... माझ्या दारालाही बसवशील?"

तेव्हा माझं डोकं फिरलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याही दाराशी येतो. तरी तुम्ही मला बाहेर काढत होतात?"

त्या मोज्याकडे बघत राहिल्या. "तू एकटी होतीस तोवर तो खालीच यायचा, वर नाही. तुझ्याकडे बाप्या आहे म्हटल्यावर परत वर यायला लागला," म्हणाल्या.

मनात आलेलं इथे लिहिलं तर कागद जळेल. पण रविवारी दुसरा मुखवटा घेऊन वर गेले. डाग दिले, स्पीकर चौकटीवर ठोकला, दार थोडं उघडं ठेवलं. त्या बोलत होत्या, मी बटण फिरवत होते.

"कोण? कोण आहे?... इतका जाड नको. आमचे हे इतकं जाड बोलत नव्हते."

मी किंचित मागे फिरवलं.

"कोण आहे?" दाराबाहेरून आवाज आला.

त्यांनी माझा हात धरला. "बास. तिथेच राहू दे."